गाडी झिजते ती चालवणाऱ्याच्या पायाखाली

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरमधील रामबागेतील आमच्या घरासमोर गेली सात वर्षे दोन मोटारी शेजारी-शेजारी उभ्या असतात, एक माझी आणि दुसरी माझ्या पुतण्याची. दोन्ही एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात घेतलेल्या, आणि दोन्हींचे काम एकाच मिस्त्रीकडे होते. तरीही त्याच्या गाडीची क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांकडे जोडणारी चकती, ४५ हजार किलोमीटरलाच बदलावी लागली, पुढचे ब्रेक पॅड तीनदा आणि ते ज्यावर घासतात ती चाकाबरोबर फिरणारी डिस्क एकदा बदलून झाली; माझ्या गाडीची मूळ क्लच प्लेट ८० हजारांनंतरही उत्तम काम देते आहे. पुतण्या गाडी बनवणाऱ्यांना दोष देतो. यंत्र अभियंता म्हणून आयुष्य काढल्यामुळे मला तो दोष त्यांच्याकडे जाऊ देणे पटत नाही, आणि हे मी त्याला तोंडावरही सांगितले आहे.

पलासियाहून विजयनगरकडे जाताना कोणत्याही सिग्नलवर पाहावे. उलट मोजणीचे आकडे संपत आले की अर्धा क्लच दाबून, अॅक्सिलरेटर देत गाड्या पुढे सरकू लागतात. हिरवा दिवा लागताच गाडी उसळते आणि पुढच्या सिग्नलला कचकन थांबते. एक हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटरच्या वेगातून थांबवताना जी ऊर्जा शोषून घ्यावी लागते, तिने एक लिटर पाण्याचे तापमान सुमारे ३३ अंशांनी वाढेल. म्हणजे असे तीन सिग्नल झाले की ते पाणी उकळले. वेग निम्मा, म्हणजे ३०, असेल तर हीच उष्णता निम्मी नव्हे, चौथा हिस्साच निर्माण होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लांबून लाल दिवा दिसताच पाय अॅक्सिलरेटरवरून काढला तर त्यातला बराच भाग हवेचा विरोध, टायर आणि इंजिन यांतच जिरतो व ब्रेकला फार थोडे काम उरते. शेवटच्या क्षणी ब्रेक मारणारा हा सगळा भार पॅड आणि डिस्कवर टाकतो, आणि मग ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरते अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जातो.

क्लचची गोष्ट याहून वाईट आहे, कारण तिथली झीज दिसत नाही. क्लच प्लेटवरचे अस्तर घर्षणासाठीच असते, पण ते क्षणभराच्या घर्षणासाठी असते. चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे किंवा पेडलवर पाय ठेवूनच गाडी चालवणे म्हणजे ती प्लेट सतत घासत ठेवणे होय. जळका वास येईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते.

टायरांचेही तसेच आहे. आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींत पुढचीच चाके गाडी ओढतात, वळवतात आणि थांबवण्याचा मोठा भारही तीच उचलतात. म्हणून झटक्याने वेग घेणाऱ्या आणि वळणावर वेग कमी न करणाऱ्याचे पुढचे टायर आधी गुळगुळीत होतात. गतिरोधकावरून वा खड्ड्यातून तशीच गाडी उडवणाऱ्यांचे बुश, बॉल जॉइंट आणि शॉकर हे चाकांच्या जोडणीतले व धक्के झेलणारे भाग किती टिकतात, हे कोणताही मिस्त्री सांगेल. इंधनाचे नुकसान वेगळेच: अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकड्यांनुसार आक्रमक चालवण्यामुळे महामार्गावर अॅव्हरेज १५ ते ३० टक्क्यांनी आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्क्यांनी घटते.

एका सवयीबद्दल मात्र मला खरोखर काळजी वाटते. ओंकारेश्वराला जाताना सिमरोलजवळच्या भेरूघाटात पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, ब्रेकवर पाय ठेवून उतरणारे अनेकजण मी पाहिले आहेत. इंधन इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना आणि अॅक्सिलरेटर सोडलेला असताना इंजिनाचा इंधनपुरवठा जवळजवळ बंद होतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन लागतेच. म्हणजे बचत होत नाही, इंजिनाचा रोध गमावला जातो आणि ब्रेक इतके तापतात की ब्रेक ऑइलला उकळी फुटून पेडल पोकळ होऊ शकते, म्हणजे दाबूनही ब्रेक लागत नाही. येथे प्रश्न सुट्या भागांच्या बिलाचा राहत नाही, गाडीत बसलेल्या माणसांचा होतो.

मोटार शिकवताना आपल्याकडे आठचा आकडा आणि मागे घेणे घोटून घेतात, पण पाय कसा हळू वापरावा, घाटात कोणता गिअर ठेवावा, सिग्नलपूर्वी किती आधी अॅक्सिलरेटर सोडावा हे फारसे कोणी सांगत नाही. २०१७ पासून इंदूरकरांनी घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची शिस्त अंगी बाणवली. ब्रेक व टायरांच्या झिजेतून उडणारी धूळही याच शहराच्या हवेत मिसळते, हे त्यांना पटवणे अवघड नाही. शहरातील ड्रायव्हिंग स्कूलचालकांनी शिकवणीत किमान एक दिवस केवळ यासाठी ठेवावा, आणि आपल्या रविवारच्या अंकात अनुभवी मिस्त्रींना याविषयी लिहिण्यास जागा द्यावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त यंत्र अभियंता
रामबाग, इंदूर