चि. बंड्यास

केळशी, रविवार रात्र

चि. बंड्या, अनेक आशीर्वाद.

सकाळी तू फोन ठेवलास तेव्हा आई ताकाची वाटी घेऊन शेजारीच उभी होती. मी सांगितलं, रेंज गेली. माझा आवाज चढला, चूक माझी. म्हणून लिहितो आहे.

उटंबरच्या वाटेवर 5 गुंठे बघितलेस, टोकनही दिलंस. म्हातारपणाची सोय, वर भाव वाढणार, असं तुझं म्हणणं. वाढेलही. पण नड आली तर चार दिवसांत विकलं जाणार आहे का? आपल्याच सातबाऱ्यावर 14 नावं आहेत. आप्पांच्या पोरांच्या सह्यांसाठी मी 11 वर्षं बोरिवलीच्या खेपा घालतोय. तुझा तुकडा बिनशेती आहे का, खरेदीखत होणार की नुसतं साठेखत, सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात, येतो का, हे एजंटाच्या तोंडून ऐकू नकोस, कागद मागव. पोस्टातले माझे 10 लाख 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 20,500 देतात. या घराने कधी रुपया दिला नाही. दर मे महिन्यात कौलं परतायला गडी, पडवीच्या वाशांना वाळवी, आता माकडं. ते मागतच असतं.

पैशाचंही एकवेळ सोड. रात्री काही झालं तर?

बघ, पुन्हा मास्तर झालो. पन्नाशीला आलेल्या मुलाला गणित घालतोय. रागावू नकोस.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवतं. भर दुपारी माजघरात आम्ही दोघं पलंगाखाली, आणि वर कौलं पत्त्यांसारखी उडत होती. आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधून घेतला होता. पोफळी तर डोळ्यांदेखत मोडल्या. मग तू ई-पास काढून पुण्याहून ताडपत्र्या घेऊन आलास. पायजमा खोचून आढ्यावर चढलास, तेव्हा खाली शिडी धरून मी काय म्हटलं? ‘जपून, रीप कुजलीय.’ एवढंच. म्हणायचं निराळं होतं.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. गेल्या श्रावणात रात्री दोनला आईच्या छातीत कळ आली. धो धो पाऊस, लाइट नाही. खालच्या आळीतल्या पोराला उठवलं, तो गाडी घेऊन येईपर्यंत पाऊण तास गेला. मी बॅटरी घड्याळावर धरून बसलो होतो. दापोलीला पोचेपर्यंत उजाडलं. पित्त निघालं, म्हणून घरात हसण्यावारी नेलं. आता आम्ही दोघं तरी आहोत. सूनबाई इथे रमणार नाही, मुलं बाहेरच राहणार. मग तुझ्या पाऊण तासात तुझ्याजवळ कोण?

आईने मात्र आळीभर सांगून टाकलंय, बंड्या येणार म्हणून.

मीही संध्याकाळी काठी घेऊन जागा बघून आलो. सगळा कातळ आहे, विहिरीला पाणी लागेल असं वाटत नाही. वारा मात्र छान येतो. मधोमध एक काजू आहे जुना. घेतलीसच, तर तो तोडू देऊ नकोस.

आमसुलं वाळली आहेत. कुणी पुण्याला निघालं की पाठवतो.

तुझे बाबा

ता. क. टोकन किती दिलंस? बुडत असेल तर मला सांग, आईजवळ बोलू नकोस.