ओढा सरकारचा, विहीर मालकाची. पाणी मात्र एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मार्च उजाडला की ओढे आटल्याच्या बातम्या येतात आणि पाठोपाठ खोलीकरणाची मागणी. काही वर्षी पाऊसच कमी असतो, हे खरे. पण चांगला पाऊस होऊनही होळीपर्यंत वाहणारा ओढा दिवाळीनंतर महिन्याभरात थांबत असेल, तर आधी उपसा तपासायला हवा.

पावसाळा संपल्यावर ओढ्यात वाहतो तो शिवारातल्या मुरमातून आणि मांजऱ्या नावाच्या मऊ खडकातून उतरणारा पाझर. काठच्या विहिरींची पातळी ओढ्याच्या तळापेक्षा वर आहे तोवर पाझर ओढ्याकडे येतो. ती खाली गेली की ओढ्याचेच पाणी विहिरींकडे ओढले जाते. काठापासून वीस फुटांवर विहीर, आणि तिच्या तळातून ओढ्याच्या दिशेने मारलेली आडवी बोअर: ही विहीर कसली, ओढ्याला लावलेली नळीच ती!

कायद्यात मात्र हे पाणी दोन ठिकाणी विभागले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले आणि वाहते पाणी शासनाचे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार ठरावीक प्रवाहातून न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमीनमालकाचा. त्यामुळे ओढ्यात मोटर टाकणाऱ्याला परवानगी विचारली जाते, वीस फुटांवरून तेच पाणी उपसणाऱ्याला कोणी विचारत नाही. २००९ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या स्रोताला संरक्षण दिले, ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आणले. पण ओढ्याकाठच्या उथळ विहिरीत मोटरी किती, हा हिशेब गावालाच करावा लागतो.

तो करायला यंत्र लागत नाही. बंधाऱ्याखाली पाणी जिथे पडते तिथे मातीने आडोसा करून सगळी धार एका चार इंची पाइपातून काढावी, २० लिटरची बादली धरावी आणि मोबाइलवर सेकंद मोजावेत. पाच वेळा मोजून सरासरी काढावी. बादली ४ सेकंदांत भरली तर ओढा सेकंदाला ५ लिटर, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार लिटर वाहतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर २० मीटर उंचीवर तासाला साधारण ३० हजार लिटर उचलते, म्हणजे सेकंदाला ८ लिटरच्या वर. आठ तासांच्या विजेत तिला दिवसाच्या पाण्यापैकी निम्म्याहून थोडे जास्तच लागते, तरीही ती चालू आहे तोवर खालचा ओढा कोरडा. वीज आली की चार मोटरी एकदम सुरू होतात, तिथे काय होत असेल? दिवसाआड पाळी लावली आणि पाणी आधी डोहात साठू दिले, तर त्याच प्रवाहात खालच्या शेतांचेही भागते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून त्यावर पिके ठरवली, शेतीसाठी बोअर बंद ठेवली. हिवरे बाजारचे कौतुक सगळे करतात, ताळेबंद फारसा कोणी उचलत नाही.

खोलीकरणाबद्दल स्पष्ट लिहितो. साचलेला गाळ काढणे योग्यच. पण पोकलेन वाळू उचलते, मुरूम फोडून कातळापर्यंत जाते, तेव्हा पाणी धरून ठेवणारा थरच जातो. तळ खाली गेल्याने आजूबाजूच्या विहिरींचे पाणीही लवकर चरात उतरते, आणि चरावर पुन्हा नव्या मोटरी बसतात. काठावर टाकलेला राडा पहिल्या वळवालाच परत आत येतो.

त्यापेक्षा असलेले बंधारे वेळेवर अडवावेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बर्गे (पाणी अडवायच्या काढत्या-घालत्या फळ्या) ऑक्टोबरच्या मध्यावर, धार जिवंत असतानाच पडले पाहिजेत. डिसेंबरात टाकून काय अडणार? बर्ग्यांच्या दोन ओळींमधली चिकणमाती नीट ठासली नाही किंवा रबर सील झिजले असेल, तर आठवड्यात सगळे झिरपून जाते. वनराई बंधाऱ्याच्या गोण्या दोन-तृतीयांशच भराव्यात, म्हणजे त्या चपट्या बसतात. विटांसारखे सांधे मोडून रचाव्यात आणि वरच्या अंगाला काळ्या मातीचा लेप द्यावा. वाळूवरच रचलेला बंधारा खालून पोखरतो, म्हणून आधी कठीण तळ लागेपर्यंत वाळू बाजूला करावी.

वरच्याने आडवा भराव टाकून पाणी तोडले, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. बेकायदा हिरावलेला शेतीच्या पाण्याचा वापर ते परत मिळवून देऊ शकतात. मात्र मुदत आहे सहा महिन्यांची. नोव्हेंबरात पडलेल्या भरावाची तक्रार घेऊन लोक जूनमध्ये तहसीलवर जातात, तोवर ती उलटलेली असते. भराव दिसला त्याच आठवड्यात तारखेसह फोटो काढावा, तलाठ्याकडे पंचनाम्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

आपला,
एक वाचक, जि. सातारा