हद्दीचा नुसता रंगीत नकाशा नको

संपादक महोदय,

तलाव, तिवरे, सोसायटीची हद्द, प्रभागाची सीमा यांचे नकाशे हल्ली ठाण्यात कुणीही घरबसल्या काढतो. क्यूजीआयएस हे नकाशे काढायचे सॉफ्टवेअर फुकट मिळते, ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून केलेला नकाशा सर्वांना खुला आहे. मला याचे कौतुकच वाटते. माझी उभी नोकरी जमीनमोजणीत गेली. 33 फुटांची, 16 आण्यांची म्हणजे सोळा भागांची साखळी आणि काटकोन साधायचा शंकू घेऊन आम्ही बांधाबांधाने फिरलो. तेच काम आजची मुले माऊसने करतात. फक्त व्हर्टेक्स, म्हणजे हद्द जिथे वळते तो बिंदू, फार सढळ हाताने पेरतात.

शेजारच्या कॉलेजकन्येने मासुंदा तलावाचा आकार उपग्रहचित्रावरून काढून दाखवला. कठडा सरळ जातो तिथे दोन टोकांना दोन बिंदू पुरले असते. तिने मध्ये ओळीने बिंदू टाकले होते, आणि चित्र मोठे केल्यावर कठडा करवतीसारखा दातेरी दिसू लागला. रेघेवर दोनदा टिचकी मारली की नवा बिंदू उमटतो, हीच पंचाईत. डिलीटचे बटणही तिथेच असते, पण त्याकडे बोट जात नाही. काठ वळणाचा असेल तिथे बिंदू एकमेकांच्या जवळ टाकायलाच हवेत. सरळ भिंतीवर ते फक्त हात किती हलला एवढेच सांगतात.

खरे दुखणे सामाईक हद्दीचे आहे. आमच्याकडे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. त्यासाठी आलेल्या आराखड्यात आमचा भूखंड आणि शेजारचा भूखंड यांमध्ये बारीक फट राहिली होती, कारण एकाचा कोपरा सरकवला आणि दुसऱ्याचा तिथेच राहिला. त्या फटीची मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीची सरकारी नोंद, कुणाच्या नावे काढायची? शंभर मीटर लांबीच्या बाजूचे एक टोक दोन मीटर आत आले, तर शंभर चौरस मीटरचा त्रिकोण जातो. म्हणजे जवळजवळ एक गुंठा, तोही ठाण्यात! क्यूजीआयएसमध्ये टॉपॉलॉजिकल एडिटिंग चालू ठेवले की सामाईक बिंदू दोन्ही भूखंडांत एकदमच हलतो. राहिलेल्या फटी आणि एकावर एक चढलेले तुकडे टॉपॉलॉजी चेकर दाखवून देतो. त्रिमितीय इमारती करणारा माझा भाचा सांगतो की ब्लेंडर या त्याच्या सॉफ्टवेअरमध्येही एका जागी दोन बिंदू साठतात आणि ते ‘मर्ज बाय डिस्टन्स’ने एक करावे लागतात. रोग तोच, औषधही तेच.

घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारती उपग्रहचित्रात कलंडलेल्या दिसतात. गच्चीचे चार कोपरे गिरवले तर इमारत रस्त्यावर येते. आकार गच्चीवरून घ्यावा, पण तो जोत्यावर सरकवून बसवावा. खाडीकाठचा प्रश्न निराळा आहे. तिथे भरती-ओहोटीनुसार पाण्याची कडच बदलते, त्यामुळे शेकडो बिंदू टाकूनही अचूकता वाढत नाही. चित्र कोणत्या तारखेचे, पाणी चढलेले होते की उतरलेले, ही एक ओळ नकाशाखाली लिहिली तर ती जास्त उपयोगी.

आता मागणी. हरकती व सूचनांसाठी जेव्हा एखादी हद्द जाहीर होते, तेव्हा नुसत्या रंगीत चित्रावर लोकांची बोळवण होऊ नये. चित्रातली जाड रेघच प्रत्यक्षात कित्येक मीटर रुंद भरते. तिच्यावर हरकत घ्यायची कशी? सोबत प्रत्येक कोपऱ्याचा क्रमांक, त्याचे अक्षांश-रेखांश आणि तो बिंदू जागेवर मोजला की पडद्यावर टिपला, हे द्यावे. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये काढायचे तर आपल्या भागाला यूटीएमचा, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायच्या पद्धतीचा, 43 उत्तर हा पट्टा लागतो, तोही नमूद करावा. अशी यादी साध्या तक्त्यातही मावते, आणि ती उघडून पाहणारी मुले आता प्रत्येक सोसायटीत आहेत.

– एक निवृत्त भूकरमापक, नौपाडा, ठाणे