नंदुरबार सिव्हिलच्या ऑक्सिजन सिस्टरांना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

पीपीई किटमुळे माझ्या वडिलांना, आबांना, तुमचा चेहरा दिसलाच नाही, नावही विचारायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय. एप्रिल 2021 मध्ये कोरोनाच्या त्या वॉर्डात ड्युटीवर असलेल्या तुम्हा सगळ्यांना ते पोचावं.

त्या महिन्यात राज्यभर लोक सिलिंडरसाठी वणवण करत होते. आबांना मात्र बेड मिळाला आणि ऑक्सिजनही. त्याची तयारी आधीच झालेली होती. हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्लांट जिल्ह्यात सप्टेंबर 2020 मध्येच बसला. पुढे केसेस उतरल्या तरी तेव्हाचे कलेक्टर डॉ. राजेंद्र भारूड थांबले नाहीत. दुसरी लाट येईपर्यंत आणखी प्लांट उभे राहिले. ते स्वतः एमबीबीएस, पुढचं ओळखून होते. त्यांचं देशभर कौतुक झालं, ते रास्तच. तुमच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहिलं नाही.

मिनिटाला 600 लिटरचा प्लांट म्हणजे दहा लिटरवरचे 60 पेशंट. एकसष्टावा आला तर? तिथे तुमची गरज होती. पन्नास पेशंटमागे एक ऑक्सिजन नर्स, आणि काम फक्त ऑक्सिजनवर लक्ष ठेवायचं.

आबा अजून सांगतात, तुम्ही बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या आणि रक्तातला ऑक्सिजन 97 टक्के दिसला की फ्लोमीटरची, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातोय ते दाखवणाऱ्या नळीतली, गोळी आठवरून सहावर आणायच्या. आबा घाबरायचे, "सिस्टर, कमी नका करू हो." मग तुम्ही तिथेच उभ्या राहायच्या. आकडा 94 च्या खाली जात नाही हे त्यांना दाखवायच्या आणि मगच पुढच्या बेडकडे वळायच्या. कुणी जेवायला बसलं, संडासला गेलं, की मास्क गादीवर सूं सूं करत पडलेला असायचा. तुम्ही आधी तो कॉक बंद करायच्या. आबांना पालथं झोपायला लावायच्या, कंटाळले की रागवायच्याही. असा वाचवलेला दोन-दोन लिटर ऑक्सिजन दुसऱ्या कुणाच्या तरी बापाला मिळाला असणार.

21 एप्रिलला नाशिकमध्ये ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून किमान 22 रुग्ण गेले. ती बातमी ऐकली तेव्हा आबा तुमच्या वॉर्डात होते. त्या रात्री आम्हाला धीर होता तो तुमचाच.

पुढे राज्य सरकारनेही इतर जिल्ह्यांना ऑक्सिजन नर्स नेमायला सांगितलं. आज प्लांट जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पण मशीन सांभाळणारा टेक्निशियन आणि गोळीकडे बघणारी सिस्टर, ही माणसं साथ नसतानाही पगारावर हवीत, त्यांची तालीम चालू हवी. आरोग्य खात्याला माझी कळकळीची विनंती आहे: नर्सिंगच्या मुलींना हे काम शिकवायला या सिस्टरांनाच बोलवा.

सिस्टर, तुमचे उपकार फिटणारे नाहीत. आबांनी नमस्कार सांगितलाय. शहाद्याकडे आलात तर घरी जेवायलाच या.

आपला ऋणी,
शहादा तालुक्यातल्या एका पेशंटचा मुलगा