दिसेनासं होण्याआधी रस्ता बंद करा

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आम्ही मनालीहून सिस्सूला निघालो. अटल बोगद्यात शिरताना छान ऊन होतं. ९.०२ किलोमीटर पार करून लाहौलच्या बाजूला बाहेर पडलो आणि समोरचं सगळं गायब! रस्ता पांढरा, आभाळ पांढरं, दरी कुठल्या अंगाला तेही कळेना. वायपरच्या रबरावर बर्फ धरलेला, त्यामुळे काच पुसली जाण्याऐवजी माखत होती. आमचा ड्रायव्हर तिथलाच, मुरलेला. त्याने खिडकी उघडून मान बाहेर काढली आणि कडेचे दगड बघत बघत गाडी हाकली. मागे आईने माझा हात घट्ट धरला होता.

साहेब, मधे पीर पंजालची रांग आहे. अलीकडे कुलूचं हवामान, पलीकडे लाहौलचं. अलीकडच्या उन्हावरून पलीकडचा अंदाज कसा यावा? पलीकडे किती दिसतंय हे सांगणारा एकही फलक आम्हाला वाटेत दिसला नाही. आणि बर्फ पडायचा थांबला म्हणून भागत नाही, वारा सुटला की पडलेला भुसभुशीत बर्फच उडून डोळ्यांपुढे भिंत उभी राहते. अमेरिकेत ‘ब्लिझर्ड’ म्हणजे हिमवादळ ठरवताना वाऱ्याइतकंच महत्त्व दिसण्याला आहे: पाव मैल, म्हणजे साधारण ४०० मीटरपेक्षा कमी, तेही सलग तीन तास.

माझी मागणी याच आकड्याची आहे. बोगद्याच्या दोन्ही तोंडांशी दृश्यमानता मोजणारं यंत्र हवं, त्याचा आकडा खाली मनालीच्या बाजूला सोलंगला फलकावर दिसावा आणि ठरलेल्या मर्यादेखाली गेला की फाटक आपोआप पडावं. गाड्या अडकल्यावर रस्ता बंद करून काय उपयोग? डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या. तिथल्या पोलिसांनी माणसं सुखरूप उतरवली, त्यांचे उपकार. पण जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं दगावली. हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं आणि सायलेन्सर बर्फात बुजला, की विषारी वायू आत साठतो. हे तरी प्रत्येक पर्यटकाला फाटकावर सांगा, मराठीतही सांगा.

रस्त्याच्या कडेला चमकणारे उंच खांबही हवेत. आमच्या ड्रायव्हरला दगड शोधावे लागले.

नाताळच्या सुट्टीत पुणे, नाशिक, सांगलीहून पुन्हा माणसं निघतील. सोलंगचा फलक त्याआधी लागावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
पुण्याचा एक प्रवासी