काटोलच्या दादांना, ऑफिसातल्या ताईकडून

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पक्षकाराचं नाव ऑफिसाबाहेर जाऊ द्यायचं नाही हा आमच्याकडचा नियम, आणि चारचौघांत कौतुक झालेलं तुम्हालाही रुचलं नसतं. आमच्या ऑफिसने जुनीच तारीख कळवली म्हणून तुम्ही आईंना घेऊन एप्रिलच्या त्या उन्हात एसटीने उगाच नागपूरला आलात. त्या दिवशी निघताना मी तुम्हाला फक्त "बरं झालं हं, आलात ते" एवढंच म्हटलं. आणखी एक वाक्य बोलले असते तर सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं असतं. म्हणून हे पत्र.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. धरमपेठेत आमचं वकिलांचं छोटं ऑफिस. सर, दोन ज्युनिअर, कोर्टात धावपळ करणारे क्लार्क भाऊ आणि टेबलाशी मी. पूर्वी तारखांची एक जाडजूड डायरी होती. ती सरांच्या बॅगेत गेली की ऑफिसात कुणाला काही सांगता यायचं नाही, म्हणून सगळं गूगल कॅलेंडरवर नेलं. ऑफिसच्या खात्यावर एकच कॅलेंडर, ते सगळ्यांना शेअर केलेलं. जिल्हा न्यायालय निळं, हायकोर्ट हिरवं, पक्षकारांच्या भेटी केशरी. आता कुणी म्हणेल, ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख कळतेच की. कळते. पण कोणाला किती वाजता बोलावलंय, कुणाचा सातबारा आणायचा राहिलाय, तहसीलला कोण जाणार, हे त्या ॲपला कुठून ठाऊक असणार? आमचं कॅलेंडर छान चाललं होतं. मग सरांनी आयफोन घेतला.

तेव्हापासून सरांना माझ्या नोंदी दिसेनात आणि मला सरांच्या. सर कोर्टाच्या व्हरांड्यातच फोनमध्ये पुढची तारीख टाकत, ती माझ्या स्क्रीनवर यायचीच नाही. ते म्हणायचे, "बाई, तुम्ही नोंदी करत नाही." मीही तेच म्हणायची, पण मनात. पगार देणाऱ्याला ते उघड म्हणता येत नाही.

वकिलाच्या ऑफिसात तारखेचा घोळ म्हणजे पोरखेळ नव्हे. अपिलाची हाक झाली आणि अपील करणाऱ्याच्या बाजूने कुणीच उभं राहिलं नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या आदेश ४१, नियम १७ प्रमाणे ते गैरहजेरीत फेटाळता येतं. मग नियम १९ खाली पुन्हा दाखल करून घ्या म्हणून अर्ज करा, पुरेसं कारण दाखवा. "फोनमध्ये सिंक झालं नाही साहेब" हे कोणत्या तोंडाने सांगायचं? देवाची कृपा, कुणाचं अपील गेलं नाही. पण ज्युनिअर एकाच वेळी दोन कोर्टांत हवे असायचे, पक्षकार येऊन बसायचे आणि सर हायकोर्टात, असं सुरू झालं. आणि दर वेळी सगळ्यांच्या नजरा माझ्या टेबलाकडे.

ज्यांना पैसे देऊन बोलावलं त्यांचंही सांगते. वर्षाचा करार केलेले इंजिनीअर आले. त्यांनी कॉम्प्युटर फॉरमॅट केला. का, ते मला आजवर कळलेलं नाही. माझे जुने अर्जांचे मसुदे मात्र गेले. दुसरे आले ते टाय लावून. तुमचं हे फुकटचं कॅलेंडरच चालणार नाही, आमचं घ्या म्हणाले, वर्षाला इतके हजार. जाता जाता सरांना इंग्रजीत म्हणाले की बहुतेक युजर एंट्रीच करत नसणार. मी दोन हातांच्या अंतरावर बसलेले. आपल्याला इंग्रजी कळत नाही असं ह्या लोकांना का वाटतं कोण जाणे, दिवसभर इंग्रजी अर्जच टाइप करते ना बाप्पा मी!

आणि त्यानंतर तुम्ही. तारीख आज नाही, पुढच्या महिन्यात आहे, हे तुम्हाला सांगायची पाळी माझ्यावरच आली. पक्षकार अशा वेळी आवाज चढवतात आणि त्यांचं चुकतं असंही नाही. तुम्ही आधी आईंना कूलरसमोरच्या खुर्चीत बसवलंत, त्यांना पाणी दिलंत आणि मग मला विचारलंत, "ताई, हे नेहमी होते का असं?" मी होय म्हटलं. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो म्हणालात. "हात लावू का थोडासा?" तो इंजिनीअर माझ्या खुर्चीत बसायचा आणि मी फाइली छातीशी धरून उभी राहायची. तुम्ही उभेच राहिलात. मला बसायला लावलंत, माऊस माझ्या हातात आणि तुम्ही फक्त सांगत होतात, हे उघडा, ते उघडा.

मग तुम्ही सरांचा फोन मागितलात. तो माझ्या स्क्रीनशेजारी धरून बराच वेळ बघत राहिलात. मला वाटलं, आता हाही म्हणणार की बाईच टाकत नाहीत. तुम्ही मॉनिटर धरून हळूच सरांकडे वळवलात आणि म्हणालात, "हे पहा ना सर. ताईनं त साऱ्या तारखा टाकल्या आहेत. तुमच्या फोननं एकही घेतली नाही."

दादा, तुम्हाला ते वाक्य आठवतही नसेल. मॉनिटर वळवण्याची तशी गरज नव्हती. दुरुस्ती त्याशिवायही झाली असती, आणि झाली ती थोड्याच वेळात. पण सरांनी चष्मा लावून तो अख्खा महिना पाहिला, निळं, हिरवं, केशरी सगळं, आणि मग स्वतःच्या फोनमधला रिकामा महिना पाहिला. ज्युनिअर मागे उभे होते, क्लार्क भाऊ दारात. कुणी काही बोललं नाही. सर एवढंच म्हणाले, "अरे, हे तर सगळं आहे." इतके दिवस मला जे सिद्ध करता येत नव्हतं, ते तुम्ही सगळ्यांसमोर दाखवून दिलंत. तेही सरांना न दुखावता, दोष फोनच्या माथी मारून.

खरं तर फोनचाही दोष नव्हता, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. एका घरात दोन चुली झाल्या होत्या. आयफोनच्या कॅलेंडरमध्ये गूगलचं खातं जोडलं तरी दुसऱ्याने शेअर केलेलं कॅलेंडर आपोआप येत नाही. गूगलच्या सिंकच्या पानावर जाऊन त्यापुढे खूण करावी लागते. आणि सर जी तारीख टाकत होते ती फोनच्या स्वतःच्या, आयक्लाउड नावाच्या वेगळ्या कॅलेंडरमध्ये जमा होत होती, कारण नव्या नोंदीसाठी तेच ठरलेलं होतं. धाकट्या ज्युनिअरने तर नुसती लिंक टाकून कॅलेंडर घेतलेलं, ते ताजं व्हायला १२ तासही लागू शकतात. म्हणजे कुणीच खोटं बोलत नव्हतं. तुम्ही माझ्याकडून "चार वाजता चहा" अशी नोंद करवलीत, ती सरांच्या फोनवर उमटली, आणि सरांनी खरंच चहा सांगितला.

नागपुरात वर्षानुवर्षं कोर्टकचेरीत वावरते, म्हणून सांगते, अशी माणसं आहेत. जिल्हा न्यायालयातले एक बाबू खेड्यातल्या म्हाताऱ्याला पुढची तारीख तोंडी सांगून थांबत नाहीत, त्याच्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देतात. अधिवेशनाच्या गर्दीत रस्ते बंद असताना एका ऑटोवाल्याने मला फाइलींच्या गठ्ठ्यासकट कोर्टाच्या फाटकापर्यंत सोडलं होतं, वर पैसे मागितले नव्हते. यांच्याजवळ टाय नसतो. ज्याची अडचण आहे त्याला खाली पाहायला न लावता ती सोडवायची, हे त्यांना कुठे शिकवतात, मला ठाऊक नाही.

आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी पिशवीतून काढून दिलेली संत्री आम्ही सगळ्यांनी खाल्ली. सरांनी दोन खाल्ली.

तुमच्या अपिलाची पुढची तारीख आता चारही फोनवर दिसते आहे, निळ्या रंगात. तरी आदल्या दिवशी मी फोन करीनच. सरांनी देऊ केलेले पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून दोघांचं त्या दिवशीचं जाण्यायेण्याचं भाडं तुमच्या फीमधून वळतं केलं आहे. हिशेबाच्या वहीत लिहून टाकलंय आणि खाली सरांची सही आहे, तेव्हा यावर वाद घालायचा नाही.

तुमची,
ऑफिसातली ताई
धरमपेठ, नागपूर