पबची ओळख केवळ जॉन्सनच्या नावावर नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील ‘ये ओल्ड चेशायर चीज’ या जुन्या पबविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र त्यातील निम्मी जागा ‘डॉ. सॅम्युअल जॉन्सन येथे रोज बसत’ या एकाच विधानाच्या विस्ताराने व्यापली आहे, आणि तेच विधान तपासून पाहण्याजोगे असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

जॉन्सन यांचे गॉफ स्क्वेअरमधील घर या पबपासून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे आणि १७५५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा इंग्रजी शब्दकोश त्याच घराच्या माडीवर सिद्ध झाला, हे खरे. पण ते या पबमध्ये येत असत याचा त्यांच्या काळातील लेखी पुरावा नाही. जॉन्सन यांचे बोलणे-चालणे, खाणे-पिणे बारकाईने टिपून ठेवणाऱ्या बॉस्वेल यांच्या चरित्रग्रंथात मायटर या दुसऱ्या टॅव्हर्नमधील, म्हणजे मद्यगृहातील, बैठका पुन्हा पुन्हा येतात, चेशायर चीजचे नाव मात्र येत नाही. इतक्या जवळ राहणारा माणूस तेथे कधी फिरकलाच नसेल असे मी म्हणणार नाही; तरी ‘एखाद्या वेळी गेले असतील’ आणि ‘रोज बसत’ यांत बरेच अंतर आहे. शिवाय या दंतकथेची त्या जागेला गरजही नाही.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये मुलीकडे गेले असता आम्ही दोघे पतिपत्नी एका दुपारी तेथे गेलो होतो. वाइन ऑफिस कोर्ट नावाच्या अरुंद बोळात शिरल्यावर दाराशीच एक फलक दिसतो. १६६६ च्या भीषण आगीत हा परिसर जळाल्यानंतर १६६७ मध्ये ही वास्तू पुन्हा उभी राहिली आणि तेव्हापासून कोणकोणत्या राजा-राण्यांची कारकीर्द तिने पाहिली, त्यांची यादी त्यावर आहे. आत पाऊल टाकले की पहिला मिनिटभर काहीच दिसत नाही, इतका अंधार. मग हळूहळू जमिनीवर पसरलेला लाकडाचा भुसा, उंच पाठीची बाके, शेगडीतले कोळसे आणि धुराने काळवंडलेल्या भिंती एकेक करून डोळ्यांना दिसू लागतात. मोठे दालन असे कुठे नाहीच. लहान-लहान खोल्या, वाकड्या पायऱ्या आणि तळघरात उतरत जाणाऱ्या दगडी कमानी यांचा तो एक गुंता आहे. तिथल्या एका चौकटीवर माझ्या यजमानांचे डोके आपटले, ते त्यांना अजून आठवते. पब ज्या यॉर्कशायरमधील मद्यनिर्मात्या कंपनीच्या मालकीचा आहे, ती आपल्या पबांत संगीत किंवा टीव्ही ठेवत नाही. त्यामुळे कोळसा तडतडतो तोही ऐकू येतो, आणि शेजारच्या टेबलावरील वकिलांचे बोलणेही, नको असले तरी.

आमची फजिती मात्र सांगितलीच पाहिजे, कारण लेखात नेमकी हीच माहिती नव्हती. आम्ही एक रिकामे टेबल पाहून बसलो आणि वेटरची वाट पाहत राहिलो. चांगली पंधरा-वीस मिनिटे गेली. कोणी विचारायलाही येईना, म्हणून आम्ही मनातल्या मनात नाराज होत होतो. अखेर शेजारच्या गृहस्थांनी हसत सांगितले की, येथे आपणच बारपाशी जाऊन मागायचे, पैसेही तेथेच द्यायचे आणि ग्लास हातात घेऊन परतायचे. वेगळी भोजनाची खोली असेल तर गोष्ट निराळी. बारपाशी रांग दिसत नाही, पण ती असते: कोणाच्या आधी कोण आले हे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि हातातल्या नोटा हलवून लक्ष वेधणे असभ्य समजले जाते.

यजमानांनी अर्धा पाइंट, म्हणजे २८४ मिलिलिटर, एल ही इंग्रजी पद्धतीची बिअर मागितली. इंग्रज लोक कोमट बिअर पितात हा आपल्याकडचा समज तेवढ्यात दूर झाला. अशा पबांतील पारंपरिक एल तळघरातील पिंपात ठेवलेली असते, तिच्यात यीस्ट जिवंत असल्याने ती तिथेच मुरत राहते आणि हातपंपाने वर ओढून साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसला दिली जाते. फ्रिजइतकी थंड नाही, तशी कोमटही नाही. मी मद्य घेत नाही. मी लेमोनेड घेतले, आणि त्याबद्दल कोणी भुवई उंचावली नाही. जेवणात मासा व बटाट्याचे तळलेले काप होते. माशावरचे कुरकुरीत आवरण सुरीने फोडताच वाफ निघाली. सोबतचा हिरव्या वाटाण्यांचा लगदा मात्र मीठ-मिरीशिवाय घशाखाली उतरेना.

एका दारावर ‘या बारमध्ये केवळ पुरुषांनाच मद्य दिले जाईल’ अशा अर्थाची जुनी पाटी अजून आहे. आज तिचे हसू येते, पण त्याच रस्त्यावरील एल व्हिनो या वाइनबारमध्ये स्त्रियांना बारपाशी उभे राहून पेय घेण्याची मनाई होती, आणि ती मोडण्यासाठी एका वकील स्त्रीला व एका पत्रकार स्त्रीला अपील न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल लागला १९८२ मध्ये. वृत्तपत्रांचा रस्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागाबद्दल एका वृत्तपत्राने लिहिताना ही हकीकत गाळावी, याचे मला आश्चर्य वाटले. त्या मानाने पबमधला पॉली नावाचा पोपट भाग्यवान. तो १९२६ मध्ये मेला तेव्हा त्याचे मृत्युलेख देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी छापले.

आता वृत्तपत्रांची कार्यालये तेथून गेली, रॉयटर्स ही वृत्तसंस्थाही २००५ मध्ये गेली. पब मात्र राहिला. तो जॉन्सनच्या पुण्याईने राहिला, असे लेखावरून वाटते. माझ्या मते त्याचे श्रेय संरक्षित वास्तूंच्या कायद्याला आणि जागरूक रहिवाशांनाही आहे. लंडनच्याच मैडा व्हेल भागातील कार्ल्टन टॅव्हर्न हा पब विकासकाने २०१५ मध्ये परवानगी न घेता पाडला, तेव्हा रहिवाशांनी पाठपुरावा केला, वेस्टमिन्स्टर कौन्सिलने तो होता तसाच बांधून देण्याचा आदेश दिला आणि २०२१ मध्ये तो पुन्हा उघडला. त्या पबमध्ये कोणी थोर कोशकार बसत असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

लेखाचा पुढील भाग येणार असल्यास, त्यात मागणी बारपाशी करावी लागते, मद्य न घेणाऱ्यानेही खुशाल जावे, आणि लंडनच्या त्या जुन्या ‘सिटी’ भागातील बरेच पब शनिवार-रविवारी बंद असतात म्हणून कामाच्या दिवशी, दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर जाणे सोयीचे, एवढी माहिती अवश्य द्यावी, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक